थाप मारा, पण हिशेबानं!

काय दोस्तांनो, एक सांगा बरं. पोटावरच्या खिशातून वाट्टेल ती वस्तू काढणारं निळं यांत्रिक मांजर तुम्ही बिनतक्रार मान्य करता. पण त्याच गोष्टीतला नोबिता एके दिवशी अभ्यासाशिवाय, कुठल्याही यंत्राशिवाय गणितात पहिला आला तर? "हॅट्, काहीतरीच!" असं लगेच ओरडाल. म्हणजे गंमत बघा, मोठी थाप पचते आणि छोटी घशात अडकते. असं का?

कारण प्रत्येक चांगल्या गोष्टीचे काही नियम असतात. ते कितीही चमत्कारिक असू देत, पण लेखकानं एकदा ठरवले की त्यानंच मोडायचे नाहीत. भोसरी एमआयडीसीत काम करणाऱ्या तुमच्या काका-मामांना विचारा. ड्रॉइंगमध्ये दिलेलंच माप जॉबला यायला हवं, नाहीतर जॉब रिजेक्ट!

आता 'डोरेमॉन'च घ्या. फुजिको एफ. फुजिओ यांची ही मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, १९६९ साली सुरू झाली. पहिल्याच प्रकरणात नोबिताचा खापरपणतू सेवाशी भविष्यातून येतो आणि म्हणतो, "तुझं नशीब बदलायला आलोय." नोबिता विचारतो, "पण मग माझं लग्न दुसरीशी झालं, तर तू जन्मशील कसा?" सेवाशीचं उत्तर असं, की टोकियोहून ओसाकाला कुठल्याही वाहनानं जा, पोचणार ओसाकालाच. आपल्याकडचं सांगायचं तर निगडीहून तळेगावमार्गे जा की मोशीमार्गे, दिशा बरोबर असली की चाकण येणारच!

मला विचाराल तर हे उत्तर अर्धंच आहे. वाट बदलली हे ठीक, पण इथं तर खापरपणजीच बदलली! तरीही लेखकाला शाबासकी द्यायला हवी. वाचकाच्या मनातली शंका त्यानं लपवली नाही, उलट 'ढ' नोबिताच्याच तोंडी घातली.

थोड्या मोठ्या दोस्तांसाठी हिरोमू अराकावा यांची 'फुलमेटल अल्केमिस्ट' (२००१ ते २०१०) आहे. तिचा नियम एकच: काही मिळवायचं तर तेवढ्याच मोलाचं काही द्यावं लागतं. दोन भाऊ मेलेल्या आईला परत आणू पाहतात. त्यात थोरल्याचा पाय जातो आणि धाकट्याचं अख्खं शरीर. भावाचा आत्मा तरी वाचावा म्हणून थोरला आपला हातही देतो. इथं फुकट काहीच मिळत नाही, म्हणून ते दुःख खरं वाटतं. अराकावा होक्काइदोतल्या दुग्धशेतीवर वाढल्या. गोठ्यात राबल्याशिवाय दूध मिळत नाही, हे त्यांना लहानपणीच कळलं असणार!

आणि आपला फास्टर फेणे? भा. रा. भागवतांच्या या फुरसुंगीच्या पोराकडे ना यंत्र, ना मंत्र. सायकल, तल्लख डोकं आणि तोंडातलं ते 'ट्टॉक्'! आता तो जाईल तिथं नेमके चोर कसे भेटतात, असं विचाराल. तो योगायोगच. पण संकटात योगायोगानं सापडलं तर चालतं, सुटताना मात्र अक्कल वापरावी लागते. फेणे ती वापरतो.

उलट काही अॅनिमेत नायक हरत आला की कुठूनतरी नवीच शक्ती उगवते. आधी तिचा पत्ताच नसतो! अशा वेळी चित्रं कितीही झकास असोत, मार्क कापा.

आई-बाबांनो, मुलांच्या हातात मांगा दिसली की "चित्रं काय बघतोस, अभ्यास कर" असं लगेच म्हणू नका. शेजारी बसा आणि विचारा, "हे असं कसं घडलं रे?" तो कारणं सांगू लागला, तर त्याचं वाचन नीट चाललंय असं समजा. तुमच्या घरात एखादा फास्टर फेणे असेल, तर तोही त्याला द्या. मग दोघांत कोण सरस, यावर जेवताना भांडा खुशाल!

तर दोस्तांनो, आता काम तुमचं. आवडती गोष्ट घ्या, तिचे तीन नियम वहीत लिहा आणि लेखकानं ते कुठं मोडलेत ते शोधा. चोरी सापडली तर आम्हाला जरूर कळवा. आणि हो, सेवाशीचं कोडं कुणी सोडवलं, तर त्याला आपल्याकडून एक जोरदार 'ट्टॉक्'!