पाडव्याची शिल्लक

आमच्या कोल्हापुरात, लक्ष्मीपुरीच्या पेढ्यांवर, दिवाळीच्या पाडव्याला अजूनही नव्या वहीची पूजा होते. वास्तविक हिशेब आता संगणकात, आणि सरकारी वर्ष संपते मार्चअखेर. तरीही लाल कापडी बांधणीची वही येते, पहिल्या पानावर 'श्री' पडतो, पेढे वाटले जातात. आम्ही पडलो मास्तर माणसे! आम्हांला ना वही, ना गल्ला. म्हणून आम्ही पाडव्याला संकल्प सोडतो. 'सोडतो' हा शब्द आपल्या पूर्वजांनी फार विचार करूनच योजला असावा.

माझा संकल्प ठरलेला: रोज पहाटे रंकाळ्यावर धावायचे. थट्टा बाजूला ठेवून सांगतो, एका वर्षी तो मी पाळलाही होता. दिवाळीपासून वैशाखापर्यंत धावलो आणि रंकाळ्याची पुरी फेरी न थांबता होऊ लागली. मग पाऊस आला. कोल्हापूरचा पाऊस म्हणजे पाहुणा नव्हे, भाडेकरू. तो चार महिने हलला नाही आणि मीही हललो नाही.

गेल्या पाडव्याच्या आदल्या रात्री मी बेळगावच्या फडेप्पा चौगुल्यांविषयी वाचत होतो. १९२० साली ॲन्टवर्पच्या ऑलिंपिकात हा गडी पावणेत्रेचाळीस किलोमीटरची मॅरेथॉन सुमारे २ तास ५० मिनिटांत धावून एकोणिसावा आला. वाचता वाचता माझेच पाय शिवशिवू लागले. शेजारच्या बेळगावचा माणूस तिकडे एवढे धावतो, तर आपल्याला घरच्या तळ्याची एक फेरी जड आहे काय? पाडव्याच्या पहाटे निघालो आणि पहिल्याच दिवशी पुरी फेरी मारली. घरी येऊन फराळाचे दोन ताट संपवले. आठव्या दिवशी सकाळी पलंगावरून पाय खाली टेकला आणि टाचेत खिळा ठोकल्यासारखी कळ आली.

त्या टाचेने माझे तीन महिने खाल्ले. फाल्गुनात रक्त तपासले, तेव्हा तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा ६.१ वरून ६.६ वर गेलेला. कागद हातात घेऊन मी दवाखान्याच्या बाकावर बराच वेळ बसलो. माझ्या वडिलांचा डावा पाय साखरेने गेला. घरात आजही त्यांची कुबडी आहे. ती कोणी टाकत नाही आणि तिच्याविषयी कोणी बोलतही नाही.

डॉक्टरांनी समजावले ते असे: धावणे थांबले की दोन-तीन आठवड्यांत दम उतरू लागतो. पुन्हा सुरू केले की तो तुलनेने लवकर परततो. पण टाचेपासून बोटांकडे जाणारा तळव्याचा चिवट पट्टा आणि पोटरीच्या शिरा यांना पूर्वीचा भार पेलायला महिने लागतात. छाती म्हणते 'चल', आणि पाय बिचारा बोलत नाही. तो एकदम दुखतो.

हीच गोष्ट रंकाळ्याच्या कट्ट्यावर एका म्हाताऱ्या वस्तादांनी चार शब्दांत सांगितली. "मास्तर, आजारातनं उठलेला पैलवान तालमीत आल्या आल्या हजार जोर मारतोय व्हय? शंभरापास्नं धरतोय. तुम्ही मागल्या सालाचा आकडा धरलासा, आणि तिथंच चुकलासा!"

घरी आलो आणि लक्ष्मीपुरीची वही आठवली. नव्या वहीत व्यापारी काय लिहितो? मागील शिल्लक! गेल्या दिवाळीला गल्ल्यात किती होते ते नव्हे. आज खरोखर किती उरले, ते. मी मात्र खर्च होऊन गेलेली रक्कम जमेस धरून व्यवहार करीत होतो. दिवाळे निघेल नाही तर काय!

डॉक्टरांना विचारून चैत्रात नव्याने आरंभ केला. एक मिनिट धावणे, दोन मिनिटे चालणे. असे वीस मिनिटे, आठवड्यातून तीनच दिवस आणि तेही एक दिवसाआड. वेग इतकाच, की धावता धावता शेजाऱ्याशी पुरे वाक्य बोलता यावे. दर आठवड्याला थोडी वाढ आणि चौथ्या आठवड्याला थोडी काटछाट. पावसाळ्यात घराचा जिना आणि बैठका. टाचा झिजलेले जुने बूट भाजी आणण्याच्या कामी लावले. फेरी संपली की मिसळ, हा माझा जुना नियम मात्र रविवारपुरता उरला.

हिशेबाचे काम आमच्या सौभाग्यवतींकडे. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत दुधाचे खाडे मांडतात ना, त्याच चौकटीत त्या माझेही मांडू लागल्या. दुधाला निळी फुली आणि मला लाल. ज्येष्ठ संपताना त्या म्हणाल्या, "अहो, दूधवाल्याचे खाडे तुमच्यापेक्षा जास्त झाले!" एवढे मोठे प्रशस्तिपत्रक मला नोकरीतही मिळाले नव्हते.

गेल्या महिन्यात आकडा ६.२ आला. रंकाळ्याची अजून अर्धीच फेरी होते. तीच माझी शिल्लक. येत्या पाडव्याला नवा संकल्प नाही. आहे तीच बाकी पुढे ओढायची.

वाचकहो, तुम्हीही उद्या बूट चढवाल तेव्हा गेल्या वर्षीचा आकडा विसरा. आजची शिल्लक मोजा आणि तिच्यात रोज चार आणे टाका.

आता घरचा एक प्रश्न उरला. पाडव्याला औक्षण झाले की ओवाळणी काय घालावी, म्हणून मी आधीच विचारून ठेवले. साडी म्हणतील, अशी अपेक्षा होती. सौ.नी दिनदर्शिकेकडे पाहिले, मग कोपऱ्यातल्या कुबडीकडे पाहिले आणि म्हणाल्या, "मला धावायचे बूट आणा. तुमचे खाडे मांडून मांडून कंटाळा आला. आता माझेही तुम्ही मांडा."