पडणाऱ्या वस्तूत वीज असते का?

विहिरीवरची मोटार सुरू झाली की पाणी वर चढते, वीज गेली की चढणे थांबते. वर चढवते ती वीज, खाली ओढते ती पृथ्वी. या दोन शक्तींचे आपसात काही नाते असेल का?

हा प्रश्न इंग्लंडच्या मायकेल फॅरेडे यांना पडला होता. ते लोहाराचे पोर, पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करता करता शिकलेले. तारेच्या वेटोळ्याजवळ चुंबक हलविला की तारेत वीज निर्माण होते, हे त्यांनी १८३१ साली दाखविले. आजची जनित्रे याच तत्त्वावर चालतात. मग त्यांना वाटले, वस्तू खाली पडतानाही वीज का होऊ नये?

१८४९ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांनी तारेचे वेटोळे उंचावरून खाली सोडून पाहिले. मापकाचा काटा हललासुद्धा! पण ते हुरळले नाहीत. कारण शोधले, तेव्हा कळले की पृथ्वीच्या चुंबकत्वात तारा हलल्यामुळे ती वीज झाली होती. तो दोष काढला आणि काटा जागचा हलेना.

हे अपयश त्यांनी उघडपणे प्रसिद्ध केले. नाते असलेच पाहिजे, हा आपला विश्वासही त्यात नमूद केला. पुढे आइन्स्टाइन यांनीही १९५५ साली मृत्यू येईपर्यंत तेच नाते शोधले. पुरते उत्तर अजून कोणालाच मिळालेले नाही. मात्र प्रकाश ही विद्युतचुंबकीय लहर असून ती सूर्याच्या ओढीने वाकते, हे १९१९ च्या ग्रहणात दिसले.

तेव्हा नव्या बियाण्याचा प्रयोग फसला, तर तोही वहीत लिहून ठेवा. पुढच्याला तेवढीच वाट सापडते.