भट्टीचा रंग, ताऱ्याचा पत्ता

आमच्या उरला या औद्योगिक भागातल्या रोलिंग मिलमध्ये वर्षानुवर्षं भट्टीसमोर उभा राहिलेला कामगार बिलेटच्या, म्हणजे पोलादाच्या कांबेच्या, रंगावरून सांगतो, अजून तापू द्यायचं की रोलवर घ्यायचं. लालसर असेल तर थांबायचं, पिवळट नारिंगी झालं की घ्यायचं. ताऱ्यांच्या वर्गवारीचा पहिला धडाही हाच आहे. लाल तारा पृष्ठभागावर साधारण ३,००० अंशांचा, आपला सूर्य ५,५०० अंशांचा, निळसर तारे १०,००० अंशांच्या पुढचे. ओ, बी, ए, एफ, जी, के, एम ही अक्षरं म्हणजे तापलेल्याकडून निवत जाणारी रांग.

ही रांग माझ्या भाच्याला पुस्तकाआधी एका खेळातून पाठ झाली. ‘एलिट डेंजरस’ हा डेव्हिड ब्रेबेन यांच्या फ्रंटियर डेव्हलपमेंट्सचा २०१४चा खेळ. त्यात आपली आकाशगंगा खऱ्या मापाने उभी केली आहे. सुमारे ४०० अब्ज सूर्यमाला. त्यांतल्या ज्ञात ताऱ्यांच्या जागा खगोलशास्त्राच्या याद्यांमधून घेतलेल्या, उरलेल्या गणिताने भरलेल्या. यानाचं इंधन ताऱ्याजवळून भरायचं असल्याने कोणता तारा कुठे भेटेल, हे खेळणाऱ्याला ठाऊक असावंच लागतं.

“मामा, जिकडे जावं तिकडे लाल तारेच का रे?” त्याने विचारलं. कारण खरी आकाशगंगाही तशीच आहे. दर चार ताऱ्यांमागे जवळपास तीन लाल खुजे तारे, आणि तरीही त्यांतला एकही आपल्या नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, इतके ते मंद. आपल्याला दिसतात ते मोजके श्रीमंत. मात्र ही श्रीमंती अल्पायुषी असते. ओ वर्गाचा तारा काही दशलक्ष वर्षांत संपतो. सूर्याला आकाशगंगेची एक फेरी मारायला सुमारे २३ कोटी वर्षं लागतात. ५० लाख वर्षं जगणारा तारा तेवढ्यात फेरीचा चाळिसावा हिस्साही धड चालत नाही. म्हणून तो जन्मला त्याच वायूच्या ढगाशेजारी, सर्पिल बाहूतच मरतो. लाल खुजा तारा अब्जावधी वर्षं भटकत राहतो, म्हणून तो सगळीकडे असतो. ताऱ्याचा पत्ता त्याच्या आयुष्याने ठरतो.

खेळात न्यूट्रॉन ताऱ्यांचे दाट पट्टे लागतात ते आकाशगंगेच्या मध्याजवळ, चकतीच्या वर आणि खाली. त्यांच्या झोतातून गेलं की यानाची पुढची उडी चौपट लांब पडते. उडीची ही युक्ती खेळापुरती. पण न्यूट्रॉन तारा जन्मस्थानापासून दूर सापडणं खरं आहे. मोठ्या ताऱ्याच्या गाभ्यात लोखंड साचलं की पुढच्या जळण्यातून ऊर्जा मिळेनाशी होते, गाभा कोसळतो आणि स्फोट होतो. तो सगळीकडे सारखा नसल्याने उरलेल्या गोळ्याला, म्हणजे न्यूट्रॉन ताऱ्याला, सेकंदाला शेकडो किलोमीटरचा धक्का बसतो, आणि तो चकतीबाहेरही फेकला जाऊ शकतो.

उरल्यात राहून लोखंडाच्या या गोष्टीपाशी मी थांबणार नाही, असं कसं होईल? दल्ली-राजहऱ्याच्या खाणीतलं लोखंड असो की बैलाडिल्याचं, त्याचा कण न् कण अशाच ताऱ्यांच्या, काही श्वेत खुज्या ताऱ्यांच्याही, स्फोटांत घडला. आमच्या गल्लीतल्या ज्या पोराचा बाप रात्रपाळीला बिलेट ओढतो, त्याला हे कुणीतरी सांगायला हवं.

म्हणून आईबापांना माझं मनापासून म्हणणं आहे: हा खेळ हिसकावून घेऊ नका. शेजारी बसा आणि विचारा, ‘हा तारा इथेच का?’ पोराला सांगता आलं नाही, तर दोघं मिळून शोधा. मात्र तेवढ्यावर थांबूही नका. उरला-सिलतरा औद्योगिक पट्ट्याच्या धुरात आणि दिव्यांच्या झगमगाटात मुलांना आकाश उरलेलं नाही. धूर कमी व्हावा ही मागणी मुलांच्या फुप्फुसांसाठी करायची, तशी त्यांच्या डोळ्यांसाठीही करायला हवी. तोवर थंडीतल्या एका रात्री त्यांना गावाबाहेर, शेताच्या बांधावर न्या. मृग नक्षत्र वर आलेलं असेल. त्यातला तांबूस काक्षी तारा दाखवा, मग निळसर पांढरा राजन्य. दोघांतला अधिक तापलेला कोणता, ते मुलांनाच विचारा. ज्याचा बाप भट्टीवर आहे, तो पोरगा आधी उत्तर देईल.

– ताराप्रेमी