काटा निघाला, पण सगळा निघाला का?

चाकणच्या रस्त्याने जाताना कारखान्यांच्या कुंपणाबाहेर अजून बाभळी, बोरी दिसतात. पलीकडे मावळात हरितगृहांतून गुलाब फुलतो. काट्यांना तोटा नाही. काटा मोडला की आपण सुईने उकरतो, हळद लावतो आणि विसरतो. फार तर धनुर्वाताचे इंजेक्शन घेतो. तळपायाच्या जाड कातडीत हे एक वेळ खपून जाते. गुडघ्यात किंवा बोटाच्या पेरात खपत नाही.

सांध्याला आतून नाजूक अस्तर असते. काट्याचे टोक तेथे राहिले तर ते विरघळत नाही; सेल्युलोज पचविणारे विकर आपल्या शरीरात नाहीच. मग अस्तर सुजते, तेही कधी आठवड्यांनी, कधी महिन्यांनी. तोवर जखम भरून काटा विस्मरणात गेलेला असतो! क्ष-किरण चित्रात लाकूड सहसा दिसत नाही. सोनोग्राफीत बरेचदा सापडते. गोळ्यांनी सूज ओसरते, पुन्हा येते. एकच सांधा सुजला म्हणून क्षयाची किंवा संधिवाताची शंका येते, आणि एखादे मूल महिनोन्महिने नको ती औषधे घेत राहते. खरा उपाय शस्त्रक्रियेचा: तुकडा काढायचा, बहुधा सुजलेले अस्तरही.

म्हणून मित्रांनो, डॉक्टर विचारतील याची वाट पाहू नका. काट्याची गोष्ट आपणच सांगा. शिक्षकांनी प्रथमोपचाराच्या वहीत तारीख, सांधा आणि झाडाचे नाव लिहावे. निघालेला काटा कागदात जपून ठेवावा. त्याचे टोक शाबूत आहे की नाही, हे त्यावरूनच कळते.