मोजणीआधीच वजाबाकी नको

ग्रेट निकोबारच्या बंदर-विमानतळ प्रकल्पावरील वादात समुद्री कासवे, मेगापोड पक्षी आणि शोंपेन समाज यांचा उल्लेख वारंवार होतो. तो व्हायलाच हवा. फुलपाखरे आणि पतंग मात्र या चर्चेत जवळजवळ नाहीतच. वास्तविक बेटावरचे जंगल किती वेगळे आहे, याची साक्ष हेच जीव नेमकेपणाने देतात.

नकाशावर अंदमान-निकोबार एकच माळ दिसते. कीटकांच्या दृष्टीने ते दोन प्रदेश आहेत. मध्ये सुमारे १५० किमी रुंदीची ‘टेन डिग्री चॅनेल’ ही सामुद्रधुनी आहे. उत्तरेकडील अंदमानचे नाते म्यानमारच्या आराकान डोंगररांगांशी, तर दक्षिण टोकाचे ग्रेट निकोबार सुमात्राच्या शेजारचे. अंदमान क्लबटेल हे फुलपाखरू जगात अन्यत्र कोठेही आढळत नाही. महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू असलेल्या राणी पाकोळीशी, म्हणजे ब्ल्यू मॉर्मनशी, साम्य असलेले अंदमान मॉर्मनही केवळ तेथलेच. ग्रेट निकोबारमधील क्लबटेल मात्र ईशान्य भारतापासून जावापर्यंत पसरलेल्या कॉमन क्लबटेलची स्थानिक उपप्रजाती मानले जाते.

या ‘उपप्रजाती’ शब्दातच खरा प्रश्न दडलेला आहे. हे फुलपाखरू उद्या नाहीसे झाले, तर एका सर्वदूर प्रजातीची एक शाखा तुटली एवढीच नोंद होईल. तीच स्वतंत्र प्रजाती ठरली, तर तो जगातून झालेला लोप असेल. निसर्गातील हानी दोन्ही वेळा सारखीच. बदलतो तो फक्त ताळेबंद. आणि सरकारी निर्णय ताळेबंद पाहूनच होतात.

हा ताळेबंद जुना आहे. फ्रेडरिक मूर यांनी या बेटांवरील फुलपाखरे व पतंगांची सूची १८७७ मध्ये प्रसिद्ध केली. त्या काळातील अनेक मूळ नमुने आज लंडनमध्ये आहेत. वन्यजीव कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीपूर्वीच्या अनुसूचीत निकोबारचे क्लबटेल ‘पॉलिडोरस’ या नावाने होते. आजचे अभ्यासक त्याला ‘लोसारिया’ म्हणतात. विज्ञानाने नाव बदलावे आणि कायद्याने दशकानुदशके जुनेच वापरावे, ही केवळ कारकुनी त्रुटी नव्हे.

पतंगांची स्थिती अधिक बिकट आहे. जगात फुलपाखरांच्या कित्येक पट पतंग आहेत. पण ते रात्री उडतात, आणि अनेकांची ओळख पटवायला शरीररचनेची सूक्ष्म तपासणी किंवा डीएनए लागतो. दिवसा केलेल्या धावत्या पाहणीत ते दिसणारच नाहीत.

प्रकल्पाला नोव्हेंबर २०२२ मध्ये पर्यावरण मंजुरी मिळाली. त्यासाठी सुमारे १३० चौ. किमी वनभूमी वळवली जाणार असून, भरपाईचे वनीकरण हरियाणासारख्या दूरच्या राज्यात योजले गेले. झाडांची संख्या अशी भरून निघेलही. पण क्लबटेलच्या अळ्या ईश्वरीच्या, म्हणजे सापसणच्या, कुळातील वनस्पतींवर वाढतात. ती वनस्पती, ती दमट हवा आणि ते फुलपाखरू यांची गाठ हजारो किलोमीटरांवर पुन्हा बांधता येत नाही.

बंदराचे सामरिक महत्त्व मानणाऱ्यांनाही एक मागणी मान्य व्हावी: आधी मोजणी, मग तोड. सर्व ऋतूंत प्रकाश-सापळ्यांनी पतंगांची पाहणी करावी, अंदमान आणि सुमात्रातील नमुन्यांशी डीएनए ताडून पाहावा, नमुने भारतीय संग्रहालयांत जतन व्हावेत आणि माहिती सर्वांना खुली असावी. यातून काही जुन्या उपप्रजाती रद्दही होतील. वसाहतकाळात मोजक्या नमुन्यांवरून दिलेली सारीच नावे टिकणारी नाहीत. यादी वाढवणे हा हेतूच नाही; ती खरी असावी, एवढेच अपेक्षित आहे.

कोणत्याही प्रयोगात आरंभीचे मोजमाप घेतलेच नसेल, तर नंतर ‘फारसा बदल झाला नाही’ असे म्हणण्याचा अधिकार उरत नाही. जंगल तोडल्यावर ते मोजमाप घेण्याची दुसरी संधी मिळत नाही.