आहार-आरोग्य : मॅग्नेशियम ताटात असावे, गोळीशेजारी नसावे

पोंभुर्ण्याहून एका भगिनीचे चार पानी पत्र आले आहे. त्यावर नाव नाही, पत्ता नाही. तेव्हा उत्तर या स्तंभातूनच देणे भाग आहे. त्यांच्या घरातील एका तरुणावर काही वर्षांपासून एचआयव्हीचे उपचार चालू आहेत. घरात ही गोष्ट दोघांनाच ठाऊक आहे. विषाणू आटोक्यात आहे. परंतु अलीकडे वजन बरेच वाढले, रक्तातील साखरही वर सरकली. रात्री पोटऱ्यांत पेटके येतात, पित्तही उसळते. हे सारे मॅग्नेशियमच्या अभावाने होते असे कोणी सुचविले आणि बाईंनी गोळ्यांची बाटली मागविली. ती उघडण्यापूर्वी त्यांनी विचारले, हे फार बरे केले.

आज आपल्याकडे सरकारी केंद्रांतून बहुतेक रुग्णांना दिवसाला एकच गोळी मिळते. तिच्यात टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्राव्हिर अशी तीन औषधे असतात. यांपैकी तिसऱ्याचे कार्य समजून घेण्यासारखे आहे. हा विषाणू आपला धागा आपल्या पेशीच्या धाग्यात शिवून टाकतो. ही शिवण करणाऱ्या विकराच्या गाभ्यात मॅग्नेशियमचे दोन कण असतात. डोल्युटेग्राव्हिर त्या कणांनाच घट्ट धरते आणि शिवण थांबते. औषधाचा हा गुणच पोटात मात्र घात करतो. त्याच वेळी मॅग्नेशियमची गोळी किंवा पित्तावरचे मॅग्नेशियम-ॲल्युमिनियमयुक्त पातळ औषध घेतले, तर डोल्युटेग्राव्हिर तिथेच त्या धातूंना चिकटून बसते. रक्तात फारच थोडे पोहोचते. रोज असे घडले तर विषाणू पुन्हा डोके वर काढू शकतो, आणि घरच्यांना वाटत राहते की औषध तर नियमित चालू आहे.

म्हणून नियम असा : उपचाराची गोळी अशा औषधाच्या किमान २ तास आधी घ्यावी, नाहीतर त्यानंतर ६ तासांनी. लोह व कॅल्शियमच्या गोळ्यांनाही रिकाम्या पोटी हेच अंतर लागू आहे. जेवणासोबत घेतल्यास त्या बरोबर चालतात. मॅग्नेशियमला ही सवलत नाही. पोट साफ होण्यासाठी घेतले जाणारे मिल्क ऑफ मॅग्नेशियाही याच वर्गातले, हे आपल्या घरांत सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

मग वजन आणि साखर? एके काळी या उपचारांचे दुष्परिणाम उलट दिसत. २००१ साली मुंबईच्या सिप्लाने तीन औषधांचा वर्षाचा उपचार ३५० डॉलरांत देऊ केला आणि गरीब देशांना प्रथमच आशा दिसली. १ एप्रिल २००४ पासून आपल्या सरकारने उपचार मोफत सुरू केले. त्या काळच्या स्टॅव्हुडिन या औषधाने गाल खोल जात, हातपाय वाळत. बाजारपेठेत माणूस चेहऱ्यावरून ओळखला जाण्याची भीती असे. ते औषध पुढे मागे पडले. नव्या औषधाने चेहरा वाचला, परंतु काहींचे वजन वाढते. दक्षिण आफ्रिकेत २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हे स्पष्ट दिसले, स्त्रियांमध्ये अधिक. आपल्याकडे ‘अंगाने भरला, म्हणजे बरा झाला’ असे म्हणतात. सुरुवातीच्या काही महिन्यांपुरते ते खरेही असते. पुढे दिवसभर गादीवरची बैठक आणि डब्यातले फरसाण यांचाही हिशेब मांडावा लागतो. सगळा दोष गोळीच्या माथी मारता येत नाही.

इन्सुलिनच्या कार्याला मॅग्नेशियम लागते हे खरे. मात्र मॅग्नेशियमची गोळी घेतल्याने या उपचारातील वजनवाढ उतरते, असे सिद्ध झालेले नाही. शिवाय टेनोफोव्हिर घेणाऱ्यांच्या मूत्रपिंडावर लक्ष ठेवावे लागते, आणि मूत्रपिंड थकलेले असेल तर वरून घेतलेले मॅग्नेशियम शरीरात साचते. पेटक्यांचे कारणही तपासून घ्यावे, अंदाजाने ठरवू नये.

अन्नातल्या मॅग्नेशियमची गोष्ट निराळी. ते ताटात पसरलेले असते. रोजच्या जेवणाने या गोळीला बाधा येत नाही. मोठ्या माणसाला दिवसाला साधारण ३०० ते ४५० मिलिग्रॅम लागते. पोंभुर्णा, मूल, सिंदेवाही हा धानाचा पट्टा. गिरणीत तांदूळ पांढरा होतो तेव्हा मॅग्नेशियम कोंड्याबरोबर निघून जाते. धान्याचा व्यापार करणाऱ्या घरांना कोंड्याचा भाव ठाऊक असतो, मोल मात्र नाही! पांढऱ्या तांदळात १०० ग्रॅममागे जेमतेम २५-३० मिलिग्रॅम उरते. त्याच बांधीत धानानंतर येणाऱ्या जवसात ते साडेतीनशेहून अधिक असते. लसणाशिवायची जवसाची चटणी दोन मोठे चमचे खाल्ली तरी ७० मिलिग्रॅमच्या आसपास मिळते. एक वेळचा भात कमी करून ज्वारीची भाकरी, अख्खे मूग, हरभरा घ्यावा. चातुर्मासात पालेभाजी बंद असते तेव्हाही हे चालते. साखरेलाही हाच पालट उपकारक आहे.

पत्रात चौविहाराची अडचण लिहिली आहे. ही गोळी रात्रीच घ्यावी असे बंधन नाही, जेवणाचीही अट नाही. केंद्रात विचारून सकाळची वेळ ठरवावी. नवकारशी पारताना घेतली की दुकान उघडण्यापूर्वी काम होते, आणि पित्ताचे औषध दुपारी घेता येते. अठ्ठाईचा विचार असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारावे. पच्चक्खाणात समाधीसाठी आगार ठेवलेला आहेच. महाराजसाहेबांना ‘रोजचे औषध आहे’ एवढे सांगितले तरी पुरते. आजाराचे नाव सांगण्याची गरज नाही. संमतीवाचून ते इतरांपुढे उघड करण्यास २०१७ च्या कायद्यानेही मनाई केली आहे.

एका ठिकाणी मात्र गुप्तता महाग पडेल. साखरेसाठी मेटफॉर्मिन सुरू झाले, तर डोल्युटेग्राव्हिरमुळे त्याचे रक्तातील प्रमाण वाढते, म्हणून मात्रा मर्यादित ठेवावी लागते. साखर पाहणाऱ्या डॉक्टरांना हे ठाऊक असलेच पाहिजे. ताई, पुढच्या खेपेस चंद्रपूरच्या केंद्रात जाताना मागविलेली बाटली, पित्ताचे औषध आणि साखरेची चिठ्ठी, तिन्ही एका पिशवीत बरोबर न्या.