कपड्यांची आवड



रमजानच्या शेवटच्या आठवड्यात तुमच्या मोहल्ल्यातल्या शिंप्याच्या दुकानात तुम्ही नक्कीच गेला असाल. रात्रीचे अकरा वाजलेले असतात, तरी मशीन थांबलेले नसते. एक मुलगा जमिनीवर बसून काजे करतो, दुसरा बटणे लावतो, तिसरा इस्त्री फिरवतो. गळ्यात टेप अडकवलेले मास्टर कापड बेतत असतात आणि दारात तुम्ही उभे असता. "मास्टर, गळा असा नको. बाही जरा आखूड करा. खिसा डावीकडे हवा."

घरी आल्यावर कोणीतरी वडीलधारे म्हणतात, "इतके लक्ष अभ्यासात दिले असते तर!" कपड्यांची आवड म्हणजे नखरे आणि फॅशन म्हणजे पैशांची उधळपट्टी, असे पुष्कळांना वाटते. मला हे मत मान्य नाही. गळा कसा हवा आणि बाही किती हवी हे ज्याला सांगता येते, त्याने काहीतरी पाहिलेले असते, त्यावर विचार केलेला असतो. ही आवड वाईट नाही. तिचे पुढे काय करायचे, एवढाच प्रश्न आहे.

विद्यार्थिदशेत नटण्याची हौस मोठमोठ्यांनाही होती. महात्मा गांधी १८८८ साली बॅरिस्टर होण्यासाठी लंडनला गेले, तेव्हा ते अठरा-एकोणीस वर्षांचे होते. तिथे त्यांनी एकोणीस शिलिंगांची उंच हॅट घेतली. बाँड स्ट्रीटवर दहा पौंड खर्चून सूट शिवला. टाय बांधायला आणि भांग पाडायला ते रोज दहा मिनिटे मोठ्या आरशासमोर उभे राहत! हे त्यांनी स्वतःच आपल्या आत्मकथेत लिहिले आहे. पुढे १९२१ साली मदुराईत त्याच माणसाने सगळे कपडे टाकून गुडघ्यापर्यंतचा पंचा नेसला. तोही विचार करून घेतलेला निर्णयच होता.

या गांधींना पडद्यावर कपडे चढवण्याचे काम आपल्या कोल्हापूरच्या एका मुलीने केले. तिचे नाव भानू अथैया. १९२९ साली राजोपाध्ये यांच्या घरी तिचा जन्म झाला. वडील अण्णासाहेब चित्रकार होते, पण ती लहान असतानाच ते वारले. वडिलांचे रंग मात्र तिच्या डोळ्यांत राहिले असावेत. ती मुंबईला आली आणि सर जे. जे. कला महाविद्यालयात शिकली. १९५१ साली तिला तिथे सुवर्णपदक मिळाले.

आता तुम्हाला वाटेल, सुवर्णपदक मिळाले म्हणजे लगेच मोठे काम मिळाले असेल. तसे झाले नाही. उमेदवारीच्या वर्षांत ती स्त्रियांच्या मासिकांसाठी आणि 'ईव्हज् वीकली' या साप्ताहिकासाठी कपड्यांची चित्रे काढत असे. कागदावर झगा काढायचा, साडीच्या निऱ्या काढायच्या, पदराची घडी काढायची. पुढे त्या साप्ताहिकाच्या संपादिकेने कपड्यांचे दुकान उघडले आणि भानूला सांगितले, "तू नुसती चित्रे काढू नकोस, कपडे तयार करून पाहा." तेव्हा तिला कळले, की आपल्याला हेही येते. १९५६ सालच्या 'सी.आय.डी.' या चित्रपटासाठी तिने कपडे केले. मग शंभरावर चित्रपट झाले. १९६६ सालच्या 'आम्रपाली'साठी तिने अजिंठ्याच्या लेण्यांतली चित्रे अभ्यासली. त्या चित्रांतली वस्त्रे आणि दागिने पाहून तिने वैजयंतीमाला यांचा पोशाख बेतला. तुमच्यापैकी कितीतरी जण सहलीला अजिंठ्याला गेले असतील. तिथल्या भिंतीवरची राणी कोणते वस्त्र नेसली आहे, हे कोणी पाहिले का?

'गांधी' या चित्रपटासाठी १९८३ साली भानू अथैया यांना जॉन मोलो यांच्याबरोबर ऑस्कर पुरस्कार मिळाला. ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. त्या चित्रपटात भरजरी कपडे फारसे नाहीत. खादी आहे, धोतरे आहेत, मळलेली मुंडाशी आहेत. साध्या कपड्यातून माणूस कसा दाखवायचा, याबद्दल तो पुरस्कार होता.

हे मी मुद्दाम सविस्तर सांगितले. कारण आजकाल 'माझी स्टाइल' म्हणजे दुकानातून आणलेले लेबल, असे समजले जाते. शर्टाच्या खिशावर कोणते चिन्ह आहे ते आधी पाहतात, मग शर्ट पाहतात. खरे म्हणजे यात गंमत आहे. भिवंडीत आणि मालेगावात रात्रंदिवस माग चालतात. ते कच्चे कापड बाहेरगावी जाते, तिथे रंगते, छापले जाते, शिवले जाते आणि लेबल लावून चकचकीत दुकानात येते. मग विणकराचाच मुलगा काचेसमोर उभा राहून भाव विचारतो. आपल्या घरचे कापड तो ओळखत नाही!

आणि शिंप्याच्या दुकानातली भाषा तर तुमचीच आहे. अस्तर, रफू, नमुना, मखमल, पोशाख, कारागीर हे शब्द मराठीत फारसीतून आले, उर्दूतही ते आहेत. मराठीच्या पुस्तकात अडखळणारा विद्यार्थी या दुकानात मात्र अजिबात अडखळत नाही, हे मी पाहिले आहे.

या धंद्यात शिरणाऱ्याला पहिल्या दिवशी कोणी कात्री देत नाही. सुटलेले धागे कापणे, काजे करणे, मापांची वही लिहिणे, हीच कामे वाट्याला येतात. कंटाळा येतो, बोटाला सुई टोचते. पण मापांची वही लिहिता लिहिता लक्षात येते, की दोन माणसांची छाती सारखी असली तरी खांदे सारखे नसतात. उभ्या धाग्यात कापलेले कापड आणि तिरपे कापलेले कापड अंगावर वेगवेगळे पडते. अडीच मीटरमध्ये बसणारा पोशाख सव्वादोन मीटरमध्ये बसवायचा असेल, तर भूमिती लागते. गणिताच्या तासाला डुलक्या घेणाऱ्यांनी हे जरूर लक्षात ठेवावे.

शिकण्याची सोयही आता आहे. शाळेतून चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांना बसता येते. आय.टी.आय.मध्ये शिवणकामाचे अभ्यासक्रम आहेत. दिल्लीत १९८६ साली सुरू झालेल्या निफ्ट या सरकारी संस्थेचे केंद्र १९९५ सालापासून मुंबईतही आहे. तिथली फी सगळ्यांना परवडणारी नाही, हे मी लपवत नाही. म्हणून आधी चित्राची वही घ्यावी, असे माझे मत आहे. ती थोड्या पैशांत मिळते.

आता थोडे कटू बोलतो. ३० मार्च २०२३ रोजी फ्रान्सच्या दिओर या कंपनीने मुंबईत गेटवे ऑफ इंडियासमोर आपले नवे कपडे जगाला दाखवले. मागे भरतकामाचे भव्य तोरण उभारले होते. ते काम मुंबईच्याच कारागिरांच्या हातचे होते. कंपनीचे नाव सगळ्यांना माहीत आहे. ज्यांनी टाके घातले, त्यांपैकी एकाचे तरी नाव तुम्ही ऐकले आहे का? मीही ऐकलेले नाही. ही चूक फक्त मोठ्या कंपन्यांची आहे असे म्हणून आपल्याला सुटता येणार नाही. आपणही ती करतो, आपल्या घरात करतो.

माझ्या नववीच्या वर्गात एक मुलगा होता. त्याच्या गणवेशाच्या सदऱ्याची कॉलर इतरांपेक्षा वेगळी दिसे. नियम मोडलेला नव्हता. रंग तोच, कापड तेच, पण कॉलर मानेवर सुरेख बसलेली. मी विचारले तेव्हा तो घाबरला. ती त्याने स्वतःच उसवून पुन्हा शिवली होती. "कोणाकडून शिकलास?" तो काही बोलला नाही. हजेरीच्या फॉर्मवर वडिलांच्या व्यवसायापुढे त्याने 'बिझनेस' असे लिहिले होते. पुढे एकदा मी त्याच्या घरी गेलो. दहा बाय दहाच्या खोलीत लाकडी अड्डा मांडलेला होता. त्यावर लाल मखमल ताणली होती. चार माणसे मांडी घालून आरीने जर भरत होती. त्यांच्यात त्याचे वडील होते, आणि त्यांच्या शेजारी तोही होता. मला पाहताच तो पटकन उठून उभा राहिला.

त्याच्या वडिलांनी मला चहा दिला आणि अर्धवट भरलेली एक वेल दाखवली. तिचा नमुना कोणी काढला, असे मी विचारले. त्यांनी मुलाकडे बोट दाखवले.

दहावीच्या वर्षी पुन्हा फॉर्म भरायचे होते. तो मुलगा फॉर्म हातात घेऊन माझ्या टेबलाजवळ आला. "सर," त्याने हळूच विचारले, "मराठीत 'जरदोजी' कसे लिहायचे?"

मी खडू घेतला आणि फळ्यावर लिहून दाखवले.